आम्ही सगळे येथेच आहोत



८ सप्टेंबरला आपण पवित्र मरियेचा जन्मोत्सव साजरा करतो. नऊ दिवस नोवेना होते, मुले फुले घेऊन येतात, बांद्र्याच्या जत्रेला जाण्याचे बेत ठरतात. त्यानंतर दोनच दिवसांनी, म्हणजे १० सप्टेंबरला, जगभर आणखी एक दिवस पाळला जातो. २००३ सालापासून हा दिवस ‘जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन’ म्हणून ओळखला जातो. आपल्या वेदीवरून या दिवसाची घोषणा आजवर फारशी झालेली नाही. विषय अप्रिय आहे. तो निघाला की माणसे गप्प होतात आणि कोणाला ना कोणाला आपल्या घरातले, आपल्या आळीतले एखादे नाव आठवते. त्याच कारणासाठी आज आम्ही हा विषय घेत आहोत, आणि सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करीत आहोत.

काही वर्षांपूर्वी एक माता धर्मग्राम कार्यालयात आल्या. त्यांना मुलासाठी मिस्सा सांगायची होती. हेतू काय लिहायचा, असे विचारल्यावर त्या थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, “मनाच्या शांतीसाठी लिहा, फादर. झोपत नाही तो.” आम्ही वहीत नाव लिहिले, तारीख दिली, पावती फाडली. त्यांच्या मागे आणखी दोघे उभे होते. त्या दारापाशी क्षणभर घुटमळल्या आणि निघून गेल्या. ठरल्या दिवशी मिस्सा झाली. त्याच आठवड्यात त्या मुलाने जीव देण्याचा प्रयत्न केला. देवाच्या दयेने आणि एका शेजाऱ्याच्या धावपळीने तो वाचला. आम्ही इस्पितळात भेटायला गेलो तेव्हा ती माता आमच्यावर रागावली नाही. एवढेच म्हणाली, “फादर, त्या दिवशी तुम्ही बसायला सांगितलं असतं ना, तर मी सगळं सांगितलं असतं.”

मायलेकांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे सारे वगळून आम्ही हे लिहीत आहोत. आम्ही मिस्सा अर्पण केली, ते योग्यच होते. पण आम्ही खुर्ची पुढे केली नाही. प्रार्थना ऐकणारा परमेश्वर होता. त्या मातेचे ऐकण्याचे काम आमचे होते आणि ते आम्ही केले नाही.

पवित्र शास्त्रातील दोन उत्तरे

पवित्र शास्त्रात दोन प्रसंग आहेत. दोन्हींत एक माणूस जीवनाच्या कडेला येऊन उभा आहे आणि दोन्हींत त्याला धार्मिक माणसांकडून उत्तर मिळते. उत्तरे मात्र अगदी वेगळी आहेत.

पहिला प्रसंग संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २७ व्या अध्यायात आहे. यहूदा इस्कार्योत प्रभूला धरून देतो आणि मग त्याला पश्चात्ताप होतो. तो सरळ मंदिरात, मुख्य याजकांकडे जातो. चांदीची नाणी परत करतो आणि कबुली देतो की, आपण एका निर्दोष माणसाचा घात केला. इतक्या स्पष्ट शब्दांत पापाची कबुली देणारा माणूस समोर उभा असताना याजक काय म्हणतात? त्याचे आम्हाला काय, तुझे तू बघ, अशा अर्थाचे उत्तर देऊन ते त्याला वाटेला लावतात. तो बाहेर पडतो. त्याच्या मागे कोणी जात नाही. नंतर याजक विचारविनिमय करतात तो त्या माणसाचा नव्हे, तर ती नाणी कोणत्या खात्यात टाकायची याचा.

कार्यालयातील आमची ती पावती आठवली की हा उतारा आम्हाला वाचवत नाही.

दुसरा प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांच्या १६ व्या अध्यायात आहे. फिलिप्पै शहरातील तुरुंगात संत पौल आणि सीला यांना फटके मारून आतल्या कोठडीत टाकले आहे. पाय खोड्यात अडकवले आहेत. मध्यरात्री भूकंप होतो, दारे उघडतात, बेड्या गळून पडतात. तुरुंगाचा अधिकारी जागा होतो, उघडी दारे पाहतो आणि कैदी पळाले असे समजून स्वतःचा अंत करायला निघतो. नोकरी गेली, अब्रू गेली, आता वरिष्ठ जिवंत सोडणार नाहीत, असा त्याचा हिशेब आहे. तेवढ्यात अंधारातून पौल मोठ्याने ओरडतो की, स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे येथेच आहोत.

या हाकेकडे नीट पाहा. ज्याच्या पाठीवर वळ उठले आहेत तो माणूस आपल्याच पहारेकऱ्याला वाचवत आहे. तो कुजबुजत नाही, मोठ्याने हाक मारतो. त्या क्षणी तो पापपुण्याचे प्रवचन करीत नाही. ‘तू असा विचार तरी कसा केलास?’ असे म्हणून दोष देत नाही. आधी थांबवतो आणि मग सोबत आहे हे सांगतो. श्रद्धेविषयीचे बोलणे त्यानंतर होते. दिवा मागवला जातो, तो माणूस थरथर कापत आत येतो, प्रश्न विचारतो, मग देवाचे वचन ऐकतो. पहाट होण्यापूर्वी तोच पौलाच्या जखमा धुतो आणि आपल्या घरी त्याला जेवू घालतो.

‘त्याचे आम्हाला काय?’ हे एक उत्तर. ‘आम्ही सगळे येथेच आहोत’ हे दुसरे. प्रत्येक धर्मग्राम या दोहोंपैकी एक उत्तर देतच असते. गप्प राहिलो तर आपण तिसरे उत्तर दिले असे होत नाही. खचलेल्या माणसाला आपली शांतता पहिल्या उत्तरासारखीच ऐकू येते.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

आपल्यातील वडीलधाऱ्यांना जुने दिवस आठवत असतील. १९१७ च्या धर्मसंहितेत, जाणूनबुजून जीव देणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याची तरतूद होती. त्यामुळे अनेक कुटुंबांनी दुःखाबरोबर लाजही सोसली. १९८३ च्या धर्मसंहितेत ती तरतूद राहिलेली नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातील २२८० ते २२८३ हे परिच्छेद या विषयावर आहेत. जीवन ही देवाची देणगी आहे, आपण तिचे मालक नसून कारभारी आहोत, ही शिकवण तेथे ठामपणे मांडली आहे. पण त्याच ठिकाणी हेही सांगितले आहे की, गंभीर मानसिक आजार, तीव्र भीती किंवा असह्य यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते. अशा रीतीने गेलेल्यांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते.

तेव्हा ज्यांच्या घरी असे दुःख घडले आहे त्यांना आम्ही आज स्पष्ट सांगू इच्छितो: तुमच्या माणसासाठी मिस्सा सांगा, मृतात्म्यांच्या दिवशी त्याचे नाव द्या, त्याच्या कबरीवर फुले वाहा. आणि बाकीच्यांना आमची कळकळीची विनंती आहे की त्या घरासमोरून जाताना आवाज खाली करू नका. घरात जा.

घराघरांतील गोष्ट

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात १ लाख ७० हजार ९२४ माणसे आत्महत्येने गेली. म्हणजे दररोज सरासरी ४६८. सर्व राज्यांत सर्वाधिक नोंद आपल्या महाराष्ट्राची होती: २२ हजार ७४६. कारणांमध्ये कौटुंबिक समस्या आणि आजारपण या दोन कारणांखालीच जवळपास निम्म्या घटना नोंदवलेल्या आहेत. कोणत्याही मृत्यूला सहसा एकच कारण नसते, हे तज्ज्ञ आवर्जून सांगतात. तरी या नोंदीवरून एक गोष्ट कळते. या वेदना घरात, अंथरुणाशेजारी, जेवणाच्या ताटावर दिसत असतात. डॉक्टरांच्या आधी त्या आई, बायको, भाऊ, शेजारीण, वर्गशिक्षिका यांच्या नजरेला पडतात. पाहणारा माणूस असतो. पुढे काय करायचे हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

हे शिकवता येते काय? येते. १९३५ साली इंग्लंडमध्ये चॅड व्हारा नावाच्या एका तरुण अँग्लिकन धर्मगुरूंना एका चौदा वर्षांच्या मुलीचा दफनविधी करावा लागला. तिला पाळी सुरू झाली होती. तो काहीतरी घाणेरडा रोग आहे असे समजून तिने जीव दिला होता. तिला विचारायला, तिला सांगायला कोणीच नव्हते. ती गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. १९५३ साली लंडनमधील आपल्या चर्चमध्ये त्यांनी अशा माणसांसाठी टेलिफोन ठेवला. माणसे येऊ लागली. त्यांना भेट मिळेपर्यंत बसावे लागे, म्हणून धर्मग्रामातील साधे स्वयंसेवक त्यांना चहा-कॉफी देत आणि त्यांच्याजवळ बसत. थोड्याच दिवसांत व्हारा यांच्या लक्षात आले की, बाहेर बसून बोलून झाल्यावर पुष्कळांना आत येण्याची गरजच उरत नाही. कप हातात देणारा आणि ऐकून घेणारा माणूसच औषधासारखा उपयोगी पडत होता. पुढच्याच वर्षी त्यांनी ऐकण्याचे ते काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवले. एका वर्तमानपत्राने त्यांना शुभवर्तमानातील चांगल्या शमरोन्याचे नाव दिले आणि ‘समॅरिटन्स’ हे नाव कायमचे झाले.

आपल्या देशातही असे काम झाले आहे. चेन्नई येथे १९८६ साली डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी ‘स्नेहा’ ही संस्था सुरू केली. तेथेही ऐकणारे स्वयंसेवकच असतात. आपल्या राज्यात नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ हा उपक्रम चालला. त्यात गावातल्याच स्त्री-पुरुषांना शिकवून तयार करण्यात आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केले. त्यातही समाजातील अशा लोकांना प्रशिक्षण देण्यावर भर आहे. इंग्रजीत त्यांना ‘गेटकीपर’ म्हणतात, म्हणजे द्वारपाल. संत योहानच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात मेंढपाळासाठी दार उघडणारा एक द्वारपाल आहे. त्याच्याविषयी आपण कधी प्रवचन ऐकले नसेल. तो मेंढपाळ नाही. जखमा बांधणे त्याचे काम नाही. त्याने जागे राहायचे आणि वेळेवर दार उघडायचे. आम्ही आपणांकडे मागतो आहोत ते एवढेच.

चार गोष्टी

हृदय बंद पडलेल्या माणसाला डॉक्टर येईपर्यंत काय करावे हे जसे सामान्य माणसाला शिकवता येते, तसेच हेही शिकवता यावे, या विचाराने अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉल क्विनेट यांनी १९९५ साली एक लहान अभ्यासक्रम तयार केला. त्यानंतर अशी अनेक प्रशिक्षणे निघाली. त्या सर्वांचे सार आम्ही चार गोष्टींत सांगतो.

पहिली गोष्ट: विचारा. “माझ्यावाचून तुमचं काही अडणार नाही,” “आता सगळ्यातून सुटायचंय,” “मी सगळ्यांना भार झालोय,” अशी वाक्ये कानावर आली. आवडीच्या वस्तू कोणी वाटून टाकू लागला. गायकवृंदात नेमाने येणारी मुलगी अचानक यायची बंद झाली. झोप उडाली, दारू वाढली. किंवा बरेच दिवस खचलेला माणूस एकाएकी अगदी शांत झाला, तर विचारा. आडून विचारू नका. “तसं काही वेडंवाकडं तर मनात नाही ना?” असा प्रश्न विचारला की समोरचा ‘नाही’च म्हणतो, कारण आपल्याला ‘नाही’ ऐकायचे आहे हे त्याला कळते. साधे विचारा: “जगू नये असं वाटतं का? जीव द्यायचे विचार मनात येतात का?”

अनेकांना भीती वाटते की, आपण विचारले तर नसलेला विचार मनात भरवू. हा गैरसमज आहे. विचारल्याने धोका वाढत नाही, असे या विषयावरील संशोधन सांगते आणि जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. उलट बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. गेल्या उपवासकाळात आपल्या धर्मग्रामातील काही जणांनी हे प्रशिक्षण घेतले. दोघादोघांनी समोरासमोर बसून हा प्रश्न मोठ्याने विचारण्याचा सराव करायचा होता. रविवारी वेदीवरून न अडखळता पहिले वाचन करणाऱ्या आपल्या एका मावशींना ते वाक्य पूर्ण करता येईना. दोनदा त्या थांबल्या, डोळे पुसले. तिसऱ्या वेळी त्यांनी ते पूर्ण विचारले. नंतर म्हणाल्या, “फादर, घरात बोलायला भीती वाटते ती इथं बोलून गेली.” सराव त्यासाठीच असतो.

दुसरी गोष्ट: ऐका. ईयोबावर संकटे कोसळली तेव्हा त्याचे मित्र आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक शब्दही बोलले नाहीत. तोपर्यंत ते उत्तम मित्र होते. बोलू लागले आणि सारे बिघडले, कारण ते त्याला त्याच्या दुःखाचे कारण समजावू लागले. आपणही तेच करतो. “इतरांकडे बघ, त्यांना किती त्रास आहे.” “तुझी प्रार्थना कमी पडते.” “पोरांचा तरी विचार कर.” “हे पाप आहे, माहीत आहे ना?” यातले काही खरेही असेल, पण त्या घटकेला त्या माणसाला एवढेच ऐकू येते की, आपले बोलणे यांना नको आहे. त्याऐवजी म्हणा, “सांगितलंस ते बरं केलंस. मी इथंच बसलोय. मला सगळं सांग.” मोबाईल बाजूला ठेवा. रोझरी हातात असू द्या, पण ती लगेच सुरू करण्याची घाई करू नका.

तिसरी गोष्ट: सोबत जा. “डॉक्टरांना दाखव हं,” एवढे सांगून निघू नका. सोबत घेऊन जा. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनाशुल्क चालतो आणि मराठीत बोलता येते. तो क्रमांक आज घरी गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. धोका अगदी जवळ आहे असे वाटले तर त्या माणसाला क्षणभरही एकटे सोडू नका आणि थेट इस्पितळात न्या. घरातील औषधे, वाडीतील फवारणीची कीटकनाशके कुलपात ठेवा. काही दिवस किल्ली दुसऱ्याच्या घरी ठेवा. श्रीलंकेत अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १९९५ नंतरच्या दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. जीव देण्याची ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तेवढा वेळ मिळवून देणे म्हणजेच प्राण वाचवणे.

येथे दोन शंकांचे निरसन करतो. एक, पोलिसांची भीती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरले आहे आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडसंहितेतील ३०९ हे कलमही नाही. तेव्हा कायद्याच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. दुसरी शंका गुप्ततेची. “कोणाला सांगणार नाहीस ना?” असे कोणी विचारले तर तसे वचन देऊ नका. “तुझ्या जिवापेक्षा गुपित मोठं नाही, ज्यांची मदत लागेल त्यांनाच सांगू, आणि तुला सांगून सांगू,” असे म्हणा. प्रायश्चित्त संस्कारातील गुप्तता मात्र आम्ही धर्मगुरू कोणत्याही कारणाने मोडू शकत नाही. म्हणून कोणी तेथे असे दुःख सांगितले तर आम्ही विनंती करतो की, बाहेर येऊन आमच्याशी पुन्हा बोला, म्हणजे आम्हाला मदत करता येईल. ती विनंती कृपया नाकारू नका.

चौथी गोष्ट: परत जा. ही सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, भारत, श्रीलंका, इराण आणि चीन या पाच देशांत एक अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. भारतातील केंद्र चेन्नई हे होते. जीव देण्याच्या प्रयत्नातून वाचून इस्पितळात आलेल्या १,८६७ जणांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्याबरोबर तासाभराचे समुपदेशन आणि पुढील दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट, एवढेच जास्तीचे मिळाले. पहिल्या गटात नंतर शंभरात दोनहून थोडी अधिक माणसे आत्महत्येने गेली. दुसऱ्या गटात हजारात दोन. कसे आहात हे विचारायला नऊ वेळा कोणीतरी आले, त्याचा हा परिणाम.

बंधू-भगिनींनो, नऊ हा आकडा आपल्याला नवा नाही. आपण नऊ दिवसांची नोवेना करतो, नऊ पहिल्या शुक्रवारांचा नेम पाळतो. इस्पितळातून परतलेल्या एका माणसाच्या घरी दीड वर्षात नऊ वेळा जाणे आपल्या एखाद्या लहान ख्रिस्ती समूहाला जड आहे काय?

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

आणखी एका वर्गाविषयी बोलायला हवे. आपल्या धर्मग्रामात अशी किती घरे आहेत, जेथे एक सून अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सारे करते, एक बाप आपल्या मनोरुग्ण मुलाला सांभाळतो, एक पत्नी व्यसनी पतीच्या मागे रात्र रात्र जागते! धोक्याची चिन्हे त्यांनाच आधी दिसतात, म्हणून प्रशिक्षणाची गरज त्यांना अधिक आहे. पण तीच माणसे स्वतः सर्वांत जास्त थकलेली असतात. त्यांना “तुम्ही कशा आहात?” असे कोणी विचारत नाही. सगळे रुग्णाचीच चौकशी करतात.

एलिया संदेष्टा मोठ्या कामानंतर असाच थकला होता. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या १९ व्या अध्यायात तो रानात एका झुडपाखाली बसतो आणि आता पुरे झाले, माझा जीव घे, असे देवाला म्हणतो. देव त्याला रागावत नाही. एक दूत येतो, त्याला हलकेच जागे करतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा लोटा असतो. एलिया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खाऊ घालतो, आणि तुझी वाट लांबची आहे हे त्याला मान्य असल्याचे सांगतो. त्यानंतरच एलिया देवाच्या डोंगराकडे चालू लागतो. देवाने संदेष्ट्याला पाठवलेली पहिली मदत म्हणजे झोप, भाकर आणि दुसऱ्यांदा आलेला कोणीतरी.

आपल्या महिला मंडळाने आणि संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभासदांनी अशा घरांची यादी करावी. आठवड्यातून एक दुपार कोणीतरी त्या रुग्णाजवळ बसावे, म्हणजे त्या माऊलीला निवांत झोपता येईल, मिस्साला येता येईल, किंवा नुसते माहेरी जाऊन बसता येईल. हेही प्राण वाचवणेच आहे.

आता काय करायचे?

या महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर धर्मग्राम सभागृहात एक दिवसाचे प्रशिक्षण ठेवले आहे. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक समुपदेशिका मार्गदर्शन करतील. शुल्क नाही, दुपारचे जेवण महिला मंडळ देणार आहे. पहिल्या तुकडीत ३० जणांना घेता येईल. प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहातून निदान एकाने, धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकांनी, आजाऱ्यांना परमप्रसाद नेणाऱ्या सेवकांनी, युवक संघटनेच्या प्रतिनिधींनी आणि घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांनी नावे द्यावीत. ज्यांना घर सोडणे शक्य नाही त्यांच्या रुग्णाजवळ बसण्याची व्यवस्था आम्ही करू. आम्ही धर्मगुरूही विद्यार्थी म्हणून मागच्या बाकावर बसणार आहोत.

आमच्या बाजूने एक बदल आधीच केला आहे. कार्यालयात मिस्सा लिहून घेण्याच्या टेबलासमोर आता एक खुर्ची ठेवली आहे. कोणी ‘मनाच्या शांतीसाठी’ असा हेतू सांगितला तर वही बाजूला ठेवून आम्ही बसायला सांगतो. रांगेतील लोकांना थोडे थांबावे लागते. आपण थांबाल, अशी आम्हाला खात्री आहे.

आणि आज या मिस्साला आलेल्यांपैकी कोणाच्या मनात असा अंधार दाटला असेल, तर हे शब्द तुमच्यासाठी आहेत. तुम्ही कोणाला भार नाही. तुम्हाला जे वाटते आहे त्याची लाज बाळगू नका. त्यावर उपचार आहेत आणि पुष्कळ माणसे त्यातून बाहेर आली आहेत. आज घरी जाण्यापूर्वी आमच्यापैकी कोणालाही, सिस्टरांना, किंवा बाकावर शेजारी बसलेल्या ओळखीच्या माणसाला एवढेच सांगा, “मला बोलायचंय.” रात्री-अपरात्री धर्मगुरुनिवासाची घंटा वाजवा. १४४१६ ला फोन करा. तो मुलगा, ज्याची गोष्ट आम्ही सुरुवातीला सांगितली, आज कामाला जातो, औषधे घेतो, आणि काही रविवारी याच देवालयात तुमच्याबरोबर बसलेला असतो.

आपण प्रार्थना करू या:

हे दयाळू पित्या, रानात थकून पडलेल्या एलियाकडे तू भाकर घेऊन दूत पाठवलास. आमच्या घरांत जे थकले आहेत त्यांच्याकडे आम्हाला पाठव. आम्हाला विचारण्याचे धैर्य दे, ऐकण्याची सहनशीलता दे आणि परत जाण्याची चिकाटी दे. ज्यांनी वेदनेच्या भरात आपले जीवन संपवले त्यांना तुझ्या कवेत घे आणि मागे राहिलेल्यांचे अश्रू पूस. क्रुसाखाली अखेरपर्यंत उभी राहिलेली पवित्र मरिया आम्हाला दुःखी माणसाजवळ थांबायला शिकवो. ही प्रार्थना आम्ही आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्याद्वारे करतो. आमेन.

आपले,
धर्मगुरू व पॅरिश कौन्सिल